वकील न करता फेडरल कोर्टात टाकलेला दावा तिथं का टिकला नाही: एक प्रकरण

नाव-गाव लिहिलेलं नाही आणि पैशांचे आकडे थोडे इकडचे तिकडे केलेत, पण घडलं ते असंच घडलं. ज्यांचं हे प्रकरण आहे त्यांना आमच्या इथं सगळे दादाच म्हणतात, म्हणून मीही दादाच लिहिते. त्यांची आणि वहिनींची परवानगी आहे. मी न्यू जर्सीत एका लॉ ऑफिसात पॅरालीगल (वकिलांची मदतनीस) आहे, वकील नाही, त्यामुळे हे वाचून कुणी स्वतःची केस ठरवू नका, फक्त कुठं काय अडलं ते बघा.

पार्श्वभूमी

२०२१ च्या सप्टेंबरमध्ये आयडा वादळाचा पाऊस न्यू जर्सीवर पडला ते इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. एका रात्रीत किती बेसमेंटं पाण्याखाली गेली. दादांच्या मिडलसेक्स काउंटीतल्या घराचं बेसमेंटही गेलं, ड्रायवॉल, फ्लोअरिंग, हीटर सगळं. नोव्हेंबरमध्ये त्यांनी एका कॉन्ट्रॅक्टरशी ६८,००० डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट केलं, घर दोघांच्या नावावर म्हणून सह्याही दोघांच्या. एप्रिल २०२२ पर्यंत ५१,००० देऊन झाले आणि मग माणूस यायचा बंद झाला. आधी फोन उचलायचा, मग मेसेजला "नेक्स्ट वीक", मग तेही नाही. भिंतीमागं ओल तशीच ठेवून वरून ड्रायवॉल मारलेला होता, त्यामुळे मोल्ड (बुरशी) धरला. दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरने काम उखडून परत करायचे ४४,००० सांगितले आणि मोल्ड काढायचे ९,५०० वेगळे.

दादा तेव्हा एच-वन-बी वर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ग्रीन कार्ड, म्हणजे कायम रहिवासी असल्याचं कार्ड आलं, किती वर्षांनी ते विचारू नका, घरात पेढे वाटले. त्या कार्डाचा बेसमेंटशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही यायचं कारण नव्हतं.

२०२३ च्या गणपतीत मंडळात भेटले तेव्हा म्हणाले, "अगं, केस करायचा विचार आहे." मी म्हटलं, "करा दादा, सोडू नका." बस, एवढंच, आणि तेव्हा कुठल्या कोर्टात हे मी विचारलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

फेडरलच का?

दोन-तीन वकिलांना फोन केले तर कुणी रिटेनर (आगाऊ फी) इतका मोठा सांगितला की निम्मी वसुली तिथंच गेली असती, कुणी केस लहान म्हणून घेतलीच नाही. मग दादांनी ठरवलं की स्वतःच लढायचं. तो हक्क इथं पक्का आहे, फेडरल कायद्यातच लिहिलेलं आहे की पक्षकार स्वतःची केस स्वतः चालवू शकतो.

पण फेडरल कोर्ट निवडलं त्यामागं एक समज होता आणि तो आपल्याकडच्या बऱ्याच जणांचा असतो. आपल्या डोक्यात कोर्टांची उतरंड असते, तालुका, जिल्हा, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, आणि कायदा केंद्राचा असो की राज्याचा, त्याच कोर्टांतून चालतो. त्या हिशोबाने फेडरल म्हणजे वरचं, जास्त निष्पक्ष, आणि काउंटीचं कोर्ट म्हणजे खालचं, जिथं कॉन्ट्रॅक्टरची ओळखपाळख असणार. इथं तसं नाहीये. राज्याची कोर्टं आणि फेडरल कोर्टं या शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन वेगळ्या इमारती आहेत. राज्याच्या कोर्टात जवळजवळ कुठलाही दिवाणी दावा चालतो, फेडरल कोर्टात मात्र कायद्याने मोजून दिलेलेच दावे चालतात. दिवाणी दाव्यांसाठी तिथं मुख्य वाटा दोन: एक, दावा फेडरल कायद्यातून किंवा अमेरिकेच्या राज्यघटनेतून उभा राहतो, किंवा दोन, दोन्ही बाजू वेगवेगळ्या राज्यांच्या नागरिक आहेत (किंवा एका बाजूला परदेशी नागरिक आहे) आणि रक्कम ७५,००० डॉलरच्या वर आहे, व्याज आणि कोर्टखर्च न धरता. या दुसऱ्या वाटेला डायव्हर्सिटी म्हणतात.

दादांनी दुसरी वाट पकडली. दाव्यासोबत जेएस ४४ नावाचा एक कव्हर शीट भरावा लागतो, त्यात नागरिकत्वाचे चौकोन असतात. प्रतिवादीसमोर "या राज्याचा नागरिक" आणि स्वतःसमोर "परदेशाचा नागरिक" अशा खुणा केल्या. पासपोर्ट भारताचा, मग चुकीचं काय? शिवाय ऑनलाइन मिळालेल्या कुठल्यातरी नमुन्यातून चौदावी घटनादुरुस्ती आणि सेक्शन १९८३ या फेडरल कलमाचे दोन परिच्छेदही घातले, म्हणजे केसला वजन येईल म्हणून. मार्च २०२४ मध्ये ४०५ डॉलर फी भरून दावा दाखल झाला.

प्रॉब्लेम कुठं आला

पहिली ठेच लहान होती. वादी म्हणून दोघांची नावं आणि सही फक्त दादांची. स्वतः लढायचा हक्क हा *स्वतःपुरताच* असतो, बायकोच्या वतीने नवरा सही करू शकत नाही, वकील नसलेल्या प्रत्येक पक्षकाराने आपापली सही करायची असते. कोर्टाकडून कागद परत आला, वहिनींनी सही केली, विषय मिटला. समन्स बजावलं, कॉन्ट्रॅक्टरच्या वकिलाने उत्तर दाखल केलं, ५१,००० मिळाल्याचं त्यात कबूलही केलं, आणि कोर्टाच्या अधिकाराबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. दादांना वाटलं गाडी रुळावर आली.

जुलैमध्ये कोर्टाने स्वतःहून ऑर्डर काढली, आपल्याकडच्या कारणे दाखवा नोटिशीसारखी: या दाव्यावर आमचा अधिकार कसा चालतो ते दाखवा, नाहीतर दावा काढून टाकू. कारण असं की डिसेंबर २०२२ पासून डायव्हर्सिटीच्या प्रत्येक केसमध्ये पक्षकाराने आपलं नागरिकत्व लिहून द्यायचं असा नियम आहे, आणि दादांनी त्यात प्रामाणिकपणे लिहिलं होतं, "भारतीय नागरिक, अमेरिकेचा कायम रहिवासी, पत्ता न्यू जर्सी."

ऑर्डर घेऊन ते माझ्याकडे आले तेव्हा प्रकरण मी पहिल्यांदा नीट पाहिलं. डायनिंग टेबलवर फाइल, वहिनींनी चहा ठेवलेला, आणि दादा पासपोर्टच काढून दाखवायला लागले. "हे बघ, मी इंडियन सिटिझन आहे ना? तो अमेरिकन आहे ना? मग झालं की!" मी म्हटलं, "दादा, पासपोर्ट नको, ग्रीन कार्ड दाखवा." कार्डावर 'रेसिडेंट सिन्स' असं लिहून पुढं तारीख असते. फेब्रुवारी २०२३. दावा मार्च २०२४ चा. तेरा महिने.

कायद्यात म्हटलंय ते साध्या भाषेत असं: एका बाजूला राज्याचा नागरिक आणि दुसऱ्या बाजूला परदेशी नागरिक असेल तर फेडरल कोर्टाचा अधिकार आहे, *पण* तो परदेशी नागरिक इथला कायम रहिवासी असेल आणि समोरच्याच राज्यात कायमचा राहत असेल, तर नाही. १९८८ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने (संसदेने) ग्रीन कार्डवाल्यांना ते राहतात त्या राज्याचे नागरिक मानायचं ठरवलं होतं, त्या शब्दांमुळे वेगळेच घोळ झाले, म्हणून २०११ च्या दुरुस्तीत हा सरळ अपवाद लिहिला. त्यामागचा विचार पटण्यासारखा आहे, परक्या माणसाला स्थानिक कोर्टात दुजाभाव होऊ नये म्हणून डायव्हर्सिटी आहे, आणि त्याच राज्यात कायमचं घर करून राहिलेला माणूस त्या अर्थाने परका नाही. कॉन्ट्रॅक्टरची एलएलसी (त्याची कंपनी) हीही वाचवू शकत नव्हती, एलएलसीचं नागरिकत्व तिच्या मेंबरांवरून ठरतं आणि एकमेव मेंबर हा कॉन्ट्रॅक्टरच, तोही न्यू जर्सीचा.

म्हणजे एच-वन-बी वर असताना दावा टाकला असता तर नागरिकत्वाची अट पार झाली असती. हे ऐकून दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे कार्ड आलं म्हणून केस गेली?" केस गेली नव्हती, पण त्या क्षणी तसंच वाटत होतं आणि मलाही त्यांना समजावताना जड गेलं.

रक्कम मात्र अडचण नव्हती. ४४,००० आणि ९,५०० मिळून ७५,००० होत नाहीत, मानसिक त्रासाचे ४०,००० दादांनी धरलेले ते करारभंगात सहसा मिळत नाहीत, पण न्यू जर्सीच्या कन्झ्युमर फ्रॉड कायद्यात नुकसानीच्या तिप्पट भरपाई आहे आणि ती धरली तर आकडा सहज वर जातो. कोर्ट रकमेबाबत बऱ्यापैकी उदार असतं, वादीला तेवढी मिळणं शक्यच नाही अशी कायदेशीर खात्री असेल तरच नाकारतं, हा नियम १९३८ पासूनचा.

कोणते पर्याय समोर होते

उत्तर द्यायला एकवीस दिवस होते आणि त्या दिवसांत प्रत्येकाने काही ना काही सुचवलं.

दादांचं पहिलं म्हणणं होतं की कॉन्ट्रॅक्ट केलं तेव्हा मी एच-वन-बी वर होतो, फसवणूक तेव्हाची, मग तेव्हाचं स्टेटस धरा. ऐकायला न्याय्य वाटतं, पण नागरिकत्व बघतात ते दावा दाखल केला त्या दिवशीचं. सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये हे फार कडकपणे सांगितलंय, त्या केसमध्ये तर पूर्ण ट्रायल होऊन ज्युरीचा निकाल लागला होता तरी दाखल करतानाचा दोष भरून निघाला नाही.

दुसरं म्हणणं, समोरच्या वकिलाने हरकतच घेतली नाही, मग कोर्टाला काय पडलंय? हे मला सगळ्यात जास्त वेळ समजवावं लागलं. इतर बऱ्याच हरकती वेळेत घेतल्या नाहीत तर जातात, ही जात नाही. दोन्ही बाजू हात जोडून "आम्हाला चालेल" म्हणाल्या तरी कोर्टाला नसलेला अधिकार येत नाही, आणि कधीही लक्षात आलं तरी दावा काढावाच लागतो. १८०४ ची एक केस आहे, तिथं खालच्या कोर्टात हरलेल्या *वादीनेच* वर जाऊन सांगितलं की मी माझ्याच दाव्यात नागरिकत्व नीट लिहिलं नव्हतं, आणि सुप्रीम कोर्टाने निकाल रद्द केला! दादांना मी उलट विचारलं, समजा दोन वर्षांनी तुम्ही जिंकलात आणि तेव्हा त्याच्या वकिलाने हा मुद्दा काढला तर? तेव्हा कुठं पटलं.

तिसरं, घटनादुरुस्तीच्या परिच्छेदांवर जोर द्यायचा. चौदावी दुरुस्ती आणि सेक्शन १९८३ हे सरकारी सत्ता वापरणाऱ्यांविरुद्ध आहेत, खाजगी कॉन्ट्रॅक्टरने घटनेचा भंग केला असं म्हणता येत नाही. मग एका ओळखीच्याने अक्कल दिली की टाउनशिपच्या इन्स्पेक्टरने मधल्या टप्प्याचं काम पास केलं होतं ना, त्याला ओढा आत, म्हणजे सरकार आलं. वकिलाचा तासभराचा सल्ला आम्ही याच मुद्द्यासाठी विकत घेतला. त्यांनी स्पष्ट सांगितलं की इन्स्पेक्टरचा निष्काळजीपणा धरला तरी तो घटनेचा भंग होत नाही, असा पोकळ फेडरल मुद्दा फक्त दरवाजा उघडायला घातलेला कोर्टाला कळतो, आणि दाव्यावर सही करणारा माणूस, वकील नसला तरी, त्या सहीने हमी देत असतो.

चौथं सुचवणं ऐकून मला भीती वाटली. "पेनसिल्वेनियाला धाकट्याचं घर आहे ना, तो पत्ता दे." पत्ता म्हणजे डोमिसाइल (कायमचं घर) नव्हे, कायम राहायचा इरादा लागतो, आणि परत प्रश्न दाखल केल्या दिवसाचाच. पण वहिनींनी कायद्यापर्यंत जाऊच दिलं नाही. "पोरं इथल्या शाळेत, लायसन्स इथलं, टॅक्स इथं भरतो. कोर्टात खोटं लिहायचं नाही."

शेवटचा पर्याय म्हणजे मान्य करायचं आणि राज्याच्या कोर्टात जायचं. इथं दादांना आणखी एक धक्का होता. त्यांच्या वडिलांचा जमिनीचा दावा साताऱ्याला कनिष्ठ स्तराच्या कोर्टातून किंमत जास्त म्हणून परत आला होता आणि वरिष्ठ स्तरात लावला होता, त्यामुळे त्यांना वाटत होतं इथलं कोर्टही फाइल योग्य कोर्टाकडे पाठवेल. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेत दावा परत करायची सोय आहे, आणि चांगल्या हेतूने चुकीच्या कोर्टात गेलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम १४ खाली वगळून मिळतो. इथं फेडरल कोर्ट दुसऱ्या फेडरल कोर्टाकडे केस पाठवू शकतं, पण मुळात तिथंच दाखल झालेला दावा उचलून राज्याच्या कोर्टाकडे पाठवायची तशी सोय नाही. काढून टाकतं, तुम्ही नव्याने फी भरून नव्याने दाखल करा.

म्हणून मुदत हा खरा जीव होता. करारभंग आणि कन्झ्युमर फ्रॉड दोन्हीला न्यू जर्सीत सहा वर्षं. काम सुटलं एप्रिल २०२२ ला, म्हणजे २०२८ पर्यंत वाव होता. हा हिशोब कागदावर मांडला तेव्हा घरातली हवा जरा हलकी झाली.

काय केलं

दादांनी रागाच्या भरात अकरा पानांचं उत्तर लिहून ठेवलं होतं, कॉन्ट्रॅक्टरने काय काय फसवलं त्याची तारीखवार हकीगत, आणि ती वाचून कुणाचंही रक्त खवळेल अशीच होती. पण कोर्टाने ते विचारलंच नव्हतं. दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच ते बाजूला ठेवून पाऊण पान लिहिलं: ग्रीन कार्डची तारीख, राहण्याचं ठिकाण, अधिकार नसल्याचं लक्षात आलंय, दावा विदाउट प्रेज्युडिस (परत दाखल करायची मोकळीक ठेवून) काढावा म्हणजे योग्य कोर्टात जाता येईल.

स्वतःहून दावा मागं घ्यायचाही विचार झाला, पण समोरच्याचं उत्तर आल्यावर त्याची सही किंवा कोर्टाची परवानगी लागते, आणि वकिलांचं मत पडलं की "अधिकार नाही म्हणून काढला" असं लिहिलेली कोर्टाची ऑर्डर हातात असलेली बरी, पुढं कुणी म्हणायला नको की एकदा हरलेली केस परत आणली.

सप्टेंबरमध्ये ऑर्डर आली, तीन पानांची. त्यात एक वाक्य असं होतं की वकील नसलेल्या वादीचं लिखाण कोर्ट सैलपणे वाचतं. हे खरंच आहे, १९७२ पासून सुप्रीम कोर्ट सांगत आलंय आणि २००७ मध्ये परत सांगितलं, की अशा माणसाच्या दाव्याला वकिलाच्या मसुद्याची फूटपट्टी लावायची नाही. दादांच्या चुकीच्या शब्दांचा, चुकीच्या कलमांचा कोर्टाने कुठंही बाऊ केला नाही. पण सैलपणे वाचल्याने कार्डावरची तारीख बदलत नाही.

पुढं काय झालं

ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यू ब्रन्सविकला सुपिरियर कोर्टाच्या लॉ डिव्हिजनमध्ये दावा गेला, फी २५० डॉलर. रक्कम २०,००० च्या वर असल्यामुळे स्पेशल सिव्हिल पार्टमध्ये (लहान रकमेच्या दाव्यांच्या विभागात) बसत नव्हता. फोटो, चेकच्या कॉप्या, मेसेजचे प्रिंट सगळे तेच वापरले, सह्या दोघांच्या, आणि यावेळी कन्झ्युमर फ्रॉडचा मुद्दा पहिल्या पानावर. केस कोर्टाच्या मेडिएशनला (मध्यस्थीला) गेली आणि तिथं कॉन्ट्रॅक्टरचं फेडरल कोर्टातलं उत्तर टेबलावर ठेवलं, पैसे घेतल्याची कबुली त्याच्याच वकिलाच्या सहीने. तीन तास चाललं. ३६,००० वर मिटलं, बारा हप्ते, हप्ता चुकला तर पूर्ण रकमेचं जजमेंट अशी अट घालून. तिप्पट मिळाले नाहीत, दादांना ते कमीच वाटतात आणि मलाही वाटतात, पण लढायची ताकद संपत आली होती हे दोघांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

वेगळं काय करता आलं असतं

फेडरलच्या वाटेला ४०५ डॉलर, समन्स बजावणाऱ्याची फी, आणि सहा महिने गेले. जो तासभराचा सल्ला ऑर्डर आल्यावर घेतला तोच मार्चच्या आधी घेतला असता तर पहिल्या पंधरा मिनिटांत हे निघालं असतं. रिटेनर परवडत नाही म्हणजे वकीलच नाही असं दादांनी धरलं होतं, एका ठराविक मुद्द्यापुरता सल्ला विकत मिळतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

जेएस ४४ मधली खूण करताना दादा खोटं बोलले नव्हते, ते परदेशाचे नागरिक आहेतच, पण कायम रहिवासी आहात का हे त्या चौकोनात कुणी विचारत नाही. क्लार्क सल्ला देऊ शकत नाही, फॉर्म घेतो आणि शिक्का मारतो. फॉर्म घेतला गेला म्हणजे कोर्टाने दावा मान्य केला असं दादांना चार महिने वाटत राहिलं.

आणि मुदत. दादांकडे जवळजवळ चार वर्षं शिल्लक होती म्हणून आम्ही शांतपणे बसून पर्याय मोजू शकलो. हाच दावा सहाव्या वर्षाच्या शेवटी टाकला असता आणि सहा महिन्यांनी निघाला असता तर? न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये अशाच एका केसमध्ये, डायव्हर्सिटी नसताना फेडरल कोर्टात गेलेल्या वादीला मुदत सोडून दिली होती, पण ती त्या केसच्या परिस्थितीवर मिळालेली सवलत आहे, तिच्यावर भिस्त ठेवून कुणी शेवटच्या आठवड्यात फेडरल कोर्ट गाठू नये असं मला कळकळीने वाटतं.

मंडळात यावर्षी दोघांनी मला केसचं विचारलं. एकाचा घरमालकाशी डिपॉझिटचा वाद, दुसऱ्याचा कार डीलरशी. दोघांनाही मी आधी विचारलं की कार्ड आलंय का, समोरचा कुठल्या राज्यातला आणि घटना कोणत्या महिन्यातली, आणि मग वकिलाचा नंबर दिला.